पंडित विष्णु नारायण भातखंडे

जर्मन भाषेंतील कवितांस चाली लावणारा शूबर्ट नांवाचा एक संगीतकार १८२८ सालीं अवघ्या ३१ व्या वर्षीं वारला. ग्यटे, शिलर इत्यादि कवींच्या शब्दांवर त्यानें रचिलेलीं गीतें सहाशेंवर भरतात. तीं सारीं कागदावर उतरलेलीं होतीं. म्हणूनच १९५१ सालीं ओटो एरिक डॉइच या विद्वानास त्याच्या समग्र रचनांची कालानुक्रमानें सूची छापतां आली, आणि आतां केवळ क्रमांक सांगितला तरी हवें तें गीत सांपडतें. आपल्या हिंदुस्थानी गायनांतील चिजांची गोष्ट निराळी होती. त्या उस्तादांच्या कंठांत राहत, आणि उस्ताद मातीआड झाला कीं पुष्कळदां त्याहि त्याच्याबरोबर जात. त्या कागदावर आणण्यासाठीं ज्या मराठी गृहस्थानें आपलें आयुष्य वेंचिलें त्याचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें ठेवीत आहों.

विष्णुपंतांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजीं, गोकुळाष्टमीस, मुंबईंत वाळकेश्वर येथें झाला. लहानपणीं बांसरी, पुढें सतार, असा नाद त्यांस लागला. पण विद्याभ्यास त्यांनीं सोडिला नाहीं. १८८५ सालीं ते बी. ए. झाले व १८८७ सालीं एल्‌एल्. बी. ची परीक्षा उतरले. (आमच्या ज्या पालकांस गायन आणि अभ्यास यांचें वैर वाटतें, त्यांनीं हीं दोन सालें ध्यानांत ठेवावीं.) कांहीं काळ कराचीस व मग मुंबईस त्यांनीं वकिली केली.

मुंबईंत पारशी गृहस्थांनीं चालविलेली गायन उत्तेजक मंडळी नांवाची संस्था होती. १८८४ पासून विष्णुपंत तिचे सभासद होते. तेथें रावजीबुवा बेलबागकरांसारख्यांकडून त्यांस शेंकडों ध्रुपदें मिळालीं. मात्र गवयांस विचारावें कीं अमुक रागांत अमुक स्वर कां वर्ज्य, तर उत्तर येई कीं आमच्या घराण्यांत असेंच गातात. आणि ग्रंथ उघडावे तर ग्रंथांतील राग आणि मैफलींतील राग यांचा मेळ बसेना. वकिलाच्या बुद्धीला हें कसें पटावें? साक्षी एक सांगतो, दस्तऐवज दुसरेंच सांगतो. तेव्हां दोन्ही जमा करून ताडून पाहणें भाग होतें.

१९०० सालीं त्यांची पत्नी वारली आणि १९०३ सालीं एकुलती एक कन्याहि गेली. घर रिकामें झालें. पुढल्याच वर्षीं ते दक्षिणेच्या प्रवासास निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा असे फिरत ते एट्टयपुरम् येथें सुब्बराम दीक्षितांस भेटले. व्यंकटमखीनें सांगितलेले ७२ मेळ, म्हणजे रागांच्या वर्गीकरणाची दक्षिणेंतील पद्धति, यांचें महत्त्व त्यांस या प्रवासांत नीट उमगलें. १९०७ सालीं ते नागपूर, कलकत्ता इत्यादि ठिकाणीं गेले आणि त्याच फेरींत हैदराबादेसहि आले. नांदेड व लातूर हीं तेव्हां निजामाच्याच राज्यांत होतीं, म्हणून या भेटीचें आम्हांस विशेष अगत्य. तेथें त्यांस अप्पा तुलसी नांवाचे संस्कृतज्ञ संगीतप्रेमी भेटले व दोघांचा स्नेह जडला. अप्पांनीं पुढें रागांवर संस्कृत ग्रंथ लिहिले. १९०८ सालीं उत्तरेची यात्रा झाली.

चिजा मिळविणें मात्र सोपें नव्हतें. चीज ही गवयाची इस्टेट. ती परक्यास, त्यांतून वही उघडून बसलेल्यास, कोण देणार? आम्ही त्या गवयांस सर्वस्वीं दोष देत नाहीं. ज्याच्यावर पोट चालतें तें मनुष्य जपूनच ठेवतो. तरीहि जयपूरचे महंमद अली खां व त्यांचे पुत्र आशक अली आणि अहमद अली यांच्याकडून सुमारें ३०० चिजा विष्णुपंतांनीं मिळविल्या. त्या फोनोग्राफावर उतरवून घेतल्या व स्वरलेखन करून ठेविल्या. रामपूरचे वजीर खां यांच्यासारख्या थोर उस्तादांचें ज्ञानहि त्यांस लाभलें.

या संग्रहाचें फळ म्हणजे ‘क्रमिक पुस्तकमालिका’ हे सहा भाग. त्यांत सुमारें १८०० चिजा आहेत. आधीं रागाचा थाट, वादी-संवादी, गाण्याची वेळ हें सांगून मग सरगम, लक्षणगीत आणि चिजा दिल्या आहेत. कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकास खालीं टिंब, तार सप्तकास वर टिंब, समेला फुली व खालीला शून्य, एवढ्या खुणांत काम भागतें. साऱ्या रागांची वांटणी त्यांनीं बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी या दहा थाटांत केली. शास्त्राचें विवेचन ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या मराठी ग्रंथाच्या चार भागांत आहे. पहिला भाग १९१० सालीं व शेवटचा १९३२ सालीं निघाला. ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादरूपानें लिहिला असल्यानें कोठें कोठें फार पसरला आहे, परंतु शिष्याच्या तोंडीं घातलेल्या शंका खऱ्याखुऱ्या आहेत. ग्रंथांवर त्यांनीं आपलें नांव न घालतां चतुर पंडित, विष्णुशर्मा अशीं टोपणनांवें घातलीं.

त्यांच्यावर आक्षेप आले, व ते सर्वच पोकळ नव्हते. दहा थाटांत कांहीं राग ओढूनताणून बसविले आहेत. मींड, आंदोलन, आवाजाचा लगाव हें रेघाटिंबांत मावत नाहीं. केवळ पुस्तकावरून गाणारा चिजेचा सांगाडा तेवढा गातो. निरक्षर गवयांविषयीं त्यांच्या लेखणींत जो कडवटपणा येतो तोहि आम्हांस रुचत नाहीं, कारण त्यांच्याच तोंडून त्यांनीं हें धन घेतलें. पण न लिहितां त्या चिजा राहत्या कीं नाहीं, हा प्रश्न टीकाकारांनींहि स्वतःस विचारावा. नांदेड-लातूरकडे आज गायनाच्या परीक्षांस बसणारीं मुलें यमन शिकतात तीं कल्याण थाटाचा म्हणूनच.

१९१६ सालीं बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरविण्यांत ते अग्रणी होते. ग्वाल्हेरीस १९१८ सालीं माधव संगीत महाविद्यालय आणि लखनौस १९२६ सालीं मॅरिस कॉलेज निघालें, त्यांच्यामागें त्यांचीच खटपट होती. १९३३ सालीं त्यांस अर्धांगवायूचा झटका आला व ते अंथरुणास खिळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजीं, गणेशचतुर्थीस, मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. लखनौचें तें कॉलेज आज विद्यापीठ झालें असून त्यास भातखंडे यांचें नांव आहे.