विश्लेषण : रसायनात बांधलेला हायड्रोजन सोडवायचा कसा? पाया घालणारे पॉल साबातिए कोण होते?

हायड्रोजन हे स्वच्छ इंधन, पण साठवायला अवघड. टाकीत भरायचा तर प्रचंड दाब हवा किंवा उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करायला हवा. म्हणून तो एखाद्या द्रव रसायनात बांधायचा आणि हवा तेव्हा उत्प्रेरकाने सोडवायचा, असा पर्याय पुढे आला. त्याची मुळे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांच्या कामात आहेत.

कोण होते साबातिए?
जन्म १८५४, दक्षिण फ्रान्समधील कार्कासोन. पॅरिसमध्ये १८८० साली डॉक्टरेट. १८८२ मध्ये ते तुलूझ विद्यापीठात गेले आणि तिथेच रमले. पुढे पॅरिसचे बोलावणे आले, तेही त्यांनी नाकारले.

त्यांनी काय शोधले?
१८९७ मध्ये धर्मगुरू असलेले सहकारी झाँ-बाप्तिस्त संदरांस यांच्यासह त्यांनी इथिलीन आणि हायड्रोजन निकेलच्या बारीक भुकटीवरून सोडले. हायड्रोजन इथिलीनला जोडला गेला आणि इथेन तयार झाला. वनस्पती तुपाच्या उद्योगाचा पाया हाच. तापमान वाढवले की असे धातू जोडलेला हायड्रोजन काढूनही घेतात, हेही त्यांनी दाखवले.

नॅनो उत्प्रेरकांशी संबंध काय?
उत्प्रेरकाचे काम पृष्ठभागावर चालते. कण जितके बारीक, तितका पृष्ठभाग जास्त. साबातिए यांच्या मते उत्प्रेरक रेणूशी तात्पुरते संयुग बनवतो. पकड सैल असेल तर अभिक्रिया होत नाही, फार घट्ट असेल तर रेणू सुटत नाही. आज नॅनो उत्प्रेरक निवडताना हाच ‘साबातिए नियम’ वापरतात.

श्रेयाचे काय झाले?
१९१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल साबातिए आणि व्हिक्टर ग्रिन्यार यांना विभागून मिळाले. अनेक शोधनिबंधांचे सहलेखक असलेले संदरांस मात्र मानकऱ्यांत नव्हते.

आज काय सुरू आहे?
टोल्युइनला हायड्रोजन जोडला की मिथाइलसायक्लोहेक्झेन हा द्रव मिळतो. त्याच्या वजनाच्या सुमारे ६ टक्के हायड्रोजन सोडवता येतो. २०२० मध्ये ब्रुनेईहून जपानला अशा प्रकारे हायड्रोजन पोहोचला. अडचण एकच, सोडवायला खूप उष्णता लागते आणि कालांतराने उत्प्रेरक मंदावतो.

साबातिए १९४१ मध्ये तुलूझमध्ये वारले. पकड नेमकी किती घट्ट हवी, याचे उत्तर प्रयोगशाळा अजून शोधत आहेत.