नशीबवान हान्स

हान्स ख्रिश्चन अँडरसनचे नाव ज्यांना ठाऊक नाही, त्यांनाही बदकांमधले त्याचे कुरूप पिल्लू ओळखीचे असते. माडगूळकरांच्या गीताने ते मराठी घरांत केव्हाच आपलेसे केले आहे. त्या पिल्लाचा हा जन्मदाता आपल्या आयुष्याला परीकथा म्हणत असे आणि स्वतःला भाग्यवान समजत असे. त्या भाग्यामागे काही माणसांचा विश्वास होता.

डेन्मार्कमधील ओडेन्स गावी २ एप्रिल १८०५ रोजी त्याचा जन्म झाला. वडील जोडे शिवीत, आई लोकांचे कपडे धुई. वडील १८१६ मध्ये वारले. चौदाव्या वर्षी हान्सने रंगभूमीसाठी राजधानी कोपनहेगनला जाण्याचा हट्ट धरला. आईने एका जाणत्या म्हातारीकडून भविष्य पाहिले. या मुलासाठी एके दिवशी सारे ओडेन्स दिव्यांनी उजळेल, असे म्हातारीने सांगितले आणि आईचा विरोध मावळला.

कोपनहेगनमध्ये आवाज फुटला आणि गायनाची आशा संपली. पुढे नाट्यगृहानेही त्याला काढून टाकले. पण त्याने लिहिलेल्या अशुद्ध, अडाणी नाटकात योनास कोलिन या नाट्यगृहाच्या संचालकाला काहीतरी दिसले. कोलिनने राजाकडून खर्चाची तरतूद करवली आणि १८२२ मध्ये हा उंच, सतरा वर्षांचा मुलगा स्लागेल्सच्या शाळेत लहानग्यांच्या वर्गात जाऊन बसला.

शाळेच्या स्मरणिकेत लिहू नये, असे वाटायला लावणारी गोष्ट येथे येते. मुख्याध्यापक मायस्लिंग विद्वान होता, पण त्याची जीभ विखारी होती. तो भर वर्गात हान्सला मूर्ख ठरवी, त्याच्या कवितेची टर उडवी. या छळाची स्वप्ने अँडरसनला उतारवयातही पडत. अखेर एका तरुण शिक्षकाने कोलिनच्या कानावर सारे घातले आणि १८२७ मध्ये कोलिनने त्याला तेथून सोडवले. मायस्लिंगचे नाव पुष्कळांना ठाऊक आहे. मुलाची बाजू घेणाऱ्या त्या शिक्षकाची आठवण फारसे कोणी काढत नाही.

कोलिनचे घर हेच पुढे त्याचे घर झाले. त्या घरातील एडवर्ड त्याचा जिवलग मित्र. त्याचे व्यवहार पाहणारा, हस्तलिखिते तपासणारा. डॅनिश भाषेतही आपल्यासारखेच 'तू' आणि 'तुम्ही' आहेत. आपण एकमेकांना अरे-तुरे करावे, अशी विनंती हान्सने १८३१ मध्ये पत्राने केली. एडवर्डने ती नाकारली. मैत्री टिकली, पण 'तुम्ही'वरच. पुढे अँडरसनने 'सावली' नावाच्या कथेत नेमका हाच नकार घातला. तिथे तो नाकारणारी सावली आपल्या मालकाच्याच जिवावर उठते.

मुलांसाठी लिहिलेल्या कथांची पहिली पुस्तिका मे १८३५ मध्ये निघाली. समीक्षकांना ती रुचली नाही. विजेचा आणि चुंबकत्वाचा संबंध शोधणाऱ्या ओर्स्टेडने मात्र याच कथा त्याला अमर करतील, असे सांगितले. अँडरसनला स्वतःला ते तेव्हा फारसे पटले नव्हते!

हिमराणीच्या महालात गोठलेल्या काईला शोधत जाणारी गेर्डा ही त्याची सर्वांत धीट मैत्रीण. काई सारे विसरला आहे, तरी तिचा विश्वास ढळत नाही. १८७० मधल्या 'नशीबवान पेर' या दीर्घकथेत एकाच घरात जन्मलेली दोन मुले आहेत, एक श्रीमंताचा आणि एक गरिबाचा. गरीब पेर गायक होतो आणि टाळ्यांच्या कडकडाटातच प्राण सोडतो. या शीर्षकातल्या डॅनिश शब्दाचे अर्थ दोन आहेत : नशीब आणि सुख.

६ डिसेंबर १८६७ रोजी ओडेन्सने त्याला सन्माननीय नागरिक केले आणि खरोखरच गाव उजळले. त्या रात्री त्याची दाढ असह्य दुखत होती.

४ ऑगस्ट १८७५ रोजी एका स्नेही कुटुंबाच्या घरी तो वारला. आपली बहुतेक मिळकत त्याने एडवर्डच्या नावे केली होती. पुढे एडवर्ड आणि त्याची पत्नी यांना त्याच्याच शेजारी पुरण्यात आले. पण काही वर्षांनी कोलिन कुटुंबाने त्या दोघांना आपल्या दफनभूमीत हलवले. कोपनहेगनच्या आसिस्टेन्स दफनभूमीत आज त्या जागी अँडरसन एकटाच आहे.