आनंदीबाई जोशी

डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी (३१ मार्च १८६५ – २६ फेब्रुवारी १८८७) या पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक होत. त्यांचे माहेर आजच्या ठाणे जिल्ह्यातील कल्याणचे. स्त्री रुग्णांची नीट तपासणी व्हावी, यासाठी स्त्री डॉक्टर आवश्यक आहेत, हा विचार त्यांच्या शिक्षणाच्या मुळाशी होता.

बालपण व विवाह

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे जमीनदार होते. टपाल खात्यात नोकरीस असलेले, वयाने बरेच मोठे व विधुर असलेले गोपाळराव जोशी यांच्याशी नवव्या वर्षी यमुनेचा विवाह झाला आणि तिचे नाव आनंदी ठेवण्यात आले. पत्नीने शिकावे, याबाबत गोपाळराव अतिशय आग्रही होते; मात्र त्यांच्या मारहाणीचा उल्लेख आनंदीबाईंच्या पत्रांत आढळतो. नोकरीतील बदल्यांमुळे हे दांपत्य अलिबाग, कोल्हापूर, कोलकाता व श्रीरामपूर (बंगाल) येथे राहिले.

वैद्यकाकडे ओढा

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. पुरेसे वैद्यकीय साहाय्य मिळाले नाही, ही खंत त्यांना वैद्यकाकडे घेऊन गेली.

रुग्णाची तपासणी करताना आधी तक्रार ऐकून घ्यावी लागते. मग नाडी, ताप व श्वास पाहावा लागतो, दुखरा भाग चाचपावा लागतो. त्या काळी अनेक स्त्रिया पुरुष डॉक्टरपुढे आपले दुखणे उघडपणे सांगत नसत आणि अंगाला हातही लावू देत नसत. त्यामुळे निदानाची पहिली पायरीच ओलांडली जात नसे. प्रसूती व स्त्रियांच्या इतर आजारांत याची किंमत जिवाने मोजावी लागे.

आनंदीबाईंनाही अशक्तपणा, डोकेदुखी व ताप यांचा त्रास होता. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला होता. कार्पेंटरबाईंनी तेथून औषधे पाठवली. परंतु रुग्णाला प्रत्यक्ष न पाहता दिलेल्या या औषधांचा गुण आला नाही.

अमेरिकेतील शिक्षण

फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे दिलेल्या व्याख्यानात आनंदीबाईंनी हिंदू स्त्री डॉक्टरांची निकड मांडली. हिंदू धर्म न सोडता परदेशी जाऊन परत येण्याचा निश्चयही त्यांनी तेथेच जाहीर केला. त्याच वर्षी त्या पतीविना अमेरिकेस गेल्या व फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. साडी व शाकाहार त्यांनी कायम ठेवला; कडक थंडीत त्यांची प्रकृती मात्र खालावत गेली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. मार्च १८८६ मध्ये त्यांना एम.डी. पदवी मिळाली. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

अखेर

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, त्या क्षयाने जर्जर होऊनच. ज्या रुग्ण स्त्रियांसाठी त्या शिकल्या, त्यांच्या सेवेत त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना बाविसावे वर्ष पुरे झालेले नव्हते. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्यांचे स्मारक आहे.

स्मृती

कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले; मराठीत काशीबाई कानिटकर यांनी. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी व त्याच नावाचा २०१९ चा चित्रपट त्यांच्या जीवनावर आधारित आहे. शुक्र ग्रहावरील एका विवरास त्यांचे नाव देण्यात आले आहे.