एका हाताची किमया

जेम्स समनर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाचा जन्म १८८७ साली मॅसॅच्युसेट्समधील कँटन गावी एका सधन घरात झाला. सतराव्या वर्षी शिकारीला गेला असता सोबत्याच्या बंदुकीची गोळी चुकून त्याच्या डाव्या हाताला लागली आणि हात कोपराखाली कापावा लागला. दुर्दैव असे की समनर डावखुरा! उजव्या हाताला लिहिण्यापासून सारे शिकवावे लागले. हा गडी त्याच हाताने टेनिसही खेळू लागला.

हार्वर्डला प्राध्यापक फोलिन यांनी त्याला कायद्याकडे वळण्याचा सल्ला दिला. एका हाताच्या माणसाचे रसायनशास्त्रात निभावणार नाही, असे त्यांचे मत. समनरने ऐकले नाही. १९१४ मध्ये त्याच फोलिन यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवून तो कॉर्नेल विद्यापीठात शिकवू लागला.

१९१७ मध्ये त्याने युरिएज हे विकर शुद्ध रूपात वेगळे काढायचे ठरवले. हे विकर युरियाचे विघटन करते. विकर म्हणजे नेमके काय, हेच तेव्हा ठरले नव्हते. ते प्रथिन नव्हेच, असे जर्मनीतील विलस्टेटर यांच्यासारखे मातब्बर सांगत. समनरपाशी उपकरणे तुटपुंजी, शिकवण्याचा भार मोठा. त्याने युरिएज भरपूर असलेली जॅक बीन ही शेंग निवडली. आपल्याकडच्या अबईची ही चुलत बहीणच. नऊ वर्षे तो तिच्या बियांच्या पिठाशी झुंजला. अखेर १९२६ मध्ये अॅसिटोन मिसळलेला अर्क रात्रभर थंडीत गाळला आणि सूक्ष्मदर्शकाखाली इवले अष्टफलक स्फटिक दिसले. युरिएज प्रथिनच निघाले! पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. १९३० मध्ये नॉर्थ्रपने पेप्सिनचे स्फटिक मिळवल्यावर वारे फिरले. १९४६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा समनरला मिळाला.

मला मात्र या कथेतील दुसऱ्याच स्फटिकांनी ओढ लावली. आम्हा वाणिज्यवाल्यांना उपउत्पादन शिकवतात: कारखाना चालतो साखरेसाठी, मळी हाती येते आपोआप. तसे युरिएजच्या मागे असताना १९१९ मध्येच समनरला त्याच पिठातून आणखी एका प्रथिनाचे स्फटिक मिळाले होते. त्याला कॉनकॅनाव्हॅलिन ए हे नाव पडले. १९३६ मध्ये समनर व हॉवेल यांनी दाखवले, की हे प्रथिन रक्तपेशींच्या गुठळ्या करते आणि उसाची साखर घातली की ते काम रोखले जाते. साखरेला धरणाऱ्या अशा प्रथिनांना पुढे लेक्टिन म्हणू लागले.

असे का होते, याचा उलगडा व्हायच्या आतच, १९५५ मध्ये, समनर वारला. क्ष-किरणांनी या प्रथिनाची रचना १९७२ मध्ये उलगडली. १९८९ मध्ये तर मॅनोज जातीच्या साखरेसह त्याचे चित्र मिळाले. पृष्ठभागावर एक उथळ खळगा, त्यात हायड्रोजन बंधांनी धरलेली साखर. शेजारी मँगनीज व कॅल्शियम. ते साखरेला शिवत नाहीत, फक्त खळग्याचा आकार सांभाळतात. एकेका रेणूत चार घटक, म्हणजे असे चार खळगे. एकाच वेळी अनेक पेशींवरच्या साखरा पकडल्या की गुठळी होते. बाहेरून साखर घातली, की खळगे तिनेच भरतात आणि पेशी सुटतात. एकहाती समनरच्या शेंगेतून निघालेला हा चार हातांचा रेणू आज प्रयोगशाळांत साखरयुक्त प्रथिने वेगळी करायला वापरतात.