दोन भाषा, एकच वाचन

आजचं वाचन : रूथ, अध्याय 1



रूथ मवाबी, बवाज बेथलेहेमचा. हे वाचलं की मला आमचंच घर दिसतं. मी नगरचा, बायको मल्याळी. लग्नानंतर पहिलं वर्षभर आम्ही रात्री आपापल्या मोबाईलवर, आपापल्या भाषेत शास्त्र वाचायचो. भांडण नव्हतं, पण एकत्र प्रार्थनाही नव्हती. त्या काळात विल्यम केरी यांचं चरित्र हाती आलं.

केरी म्हणजे 1805 साली मराठी व्याकरण छापणारे आणि 1811 मध्ये मराठी नवा करार देणारे मिशनरी. मूळचे इंग्लंडमधले, धंद्याने चांभार. त्यांचं पहिलं लग्न 1781 मध्ये डोरोथी यांच्याशी झालं. दोघं एकाच परगण्यातले, एकाच भाषेचे. पण डोरोथींना भारतात यायचं नव्हतं. त्या आधी नाही म्हणाल्या, मग पुन्हा विनवल्यावर 1793 मध्ये निघाल्या. पुढच्याच वर्षी छोटा पीटर वारला आणि त्यांचं मन कायमचं ढासळलं. 1807 मध्ये त्या गेल्या. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. ओढ एकाची होती, किंमत दोघांनी मोजली.

पुढे केरी यांनी शार्लट रूमोर यांच्याशी लग्न केलं. त्या श्लेस्विगच्या, डॅनिश राज्यातल्या खानदानी घरच्या. तब्येत नाजूक, चालणंही अवघड. हवापालटासाठी त्या बंगालमधल्या सेरामपूरला आल्या (आपलं नगरचं श्रीरामपूर नव्हे!). तेव्हा ती डॅनिश वसाहत होती. त्या केरींकडून इंग्रजी शिकल्या आणि 1803 मध्ये त्यांच्याच हातून बाप्तिस्मा घेतला. मे 1808 मध्ये दोघांचं लग्न झालं. डोरोथींना जाऊन जेमतेम पाच महिने झाले होते, त्यामुळे सहकाऱ्यांना ते रुचलं नाही. शिवाय एक चांभार, एक सरदारघराण्यातली!

पण हा संसार फुलला. शार्लट फ्रेंच आणि इटालियन बायबल ताडून बघत भाषांतरात मदत करायच्या. तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांशी बोलता यावं म्हणून बंगाली शिकल्या. स्वतःचं घर त्यांनी मिशनला देऊन टाकलं. 1821 मध्ये त्या प्रभूकडे गेल्या. तेरा वर्षांची ही साथ केरी शेवटपर्यंत विसरले नाहीत.

मला यातून एक गोष्ट कळली. देश आणि भाषा एक असली तरी संसार आपोआप एक होत नाही. 'आम्ही दोघं विश्वासी' एवढं म्हणूनही होत नाही. शार्लट यांनी त्यांचं काम स्वतःचं मानलं, आणि त्यांना येणाऱ्या भाषा केरींना अडचण नाही, मदत वाटल्या. एकच पुस्तक दोघांच्या मध्ये उघडं होतं.

आता आमच्याकडे एक अध्याय ती मल्याळममध्ये वाचते, मी मराठीत. मग एखाद्या शब्दावर अडतो आणि बोलत बसतो. प्रार्थना तिथूनच सुरू होते. नव्या नोकरीसाठी शहर बदलायचं का, हेही आता मी आधी ठरवून तिला सांगत नाही. दोघं मिळून विचारतो.

आज रात्री जोडीदाराला एवढंच विचारा : प्रभू आपल्याला जिकडे नेतोय असं मला वाटतं, तिकडे तुला खरंच यायचंय का? आणि उत्तर शांतपणे ऐका.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या भाषा वेगळ्या असल्या तरी तुझ्यापुढे आम्हांला एकत्र बसव. एकाची हाक दुसऱ्यावर ओझं होऊ देऊ नकोस. आमेन.