वल्ह्यांना विश्रांती देणारा कारागीर : ओले एव्हिनरूड

उन्हाळ्याच्या सुट्टीत तळ्याकाठी भाड्याने होडी घेणाऱ्या माणसाला तिच्या मागच्या फळीला अडकवलेल्या इंजिनाचे फारसे कौतुक वाटत नाही. दोरी ओढली किंवा कळ दाबली की ते सुरू होते, दांडा वळवला की होडी वळते आणि काम संपले की तेच इंजिन काढून घरी नेता येते. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की कधीकाळी ती कुणाला तरी सुचावी लागली, हेच विसरले जाते. ती यशस्वीपणे लोकांच्या हाती देणारा माणूस नॉर्वेतून अमेरिकेत आलेल्या एका शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याचे नाव ओले एव्हिनरूड. मराठी कानाला गमतीचे वाटावे असे हे नाव, पण आयुष्यभर पाण्याशी नाते जोडलेल्या माणसाला ते शोभूनही दिसते.

ओलेचा जन्म १९ एप्रिल १८७७ रोजी नॉर्वेतील योविक गावाच्या परिसरात झाला. तो पाच वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत आले आणि विस्कॉन्सिन राज्यातील केंब्रिज या लहान गावाजवळ, रिप्ली तळ्याच्या काठी शेती करू लागले. एव्हिनरूड हे आडनाव नॉर्वेतील एका शेतवाडीच्या नावावरून आले. बोटीच्या प्रवासात हा मुलगा पुनःपुन्हा इंजिनखोलीत सापडत असे आणि तिथून त्याला ओढून आणावे लागे, अशी आठवण कुटुंबात सांगितली जाई.

वडिलांना मुलाने शेतीच करावी असे वाटत होते. मुलाचे लक्ष मात्र यंत्रांत आणि होड्यांत होते. शालेय शिक्षण जेमतेमच झाले. किशोरवयात त्याने लाकडे साठवण्याच्या खोपटात गुपचूप शिडाची होडी बांधायला घेतली. वडिलांनी ती मोडून टाकली आणि त्याने पुन्हा नव्याने बांधली, अशी हकिगत त्याच्या चरित्रात येते. होडी अखेर रिप्ली तळ्यावर तरंगली. तिथे येणाऱ्या हौशी मंडळींना तीतून फेरफटका मारण्यासाठी पैसे मोजावेसे वाटतात, हे पाहिल्यावर वडिलांचा विरोध मावळू लागला.

सोळाव्या वर्षी ओले घरातून निघाला आणि पायी मॅडिसनला पोहोचला. शेतीची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात त्याने काम धरले आणि रात्री अभियांत्रिकीची पुस्तके वाचून स्वतःला शिकवले. पुढे पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांत आणि शिकागोच्या यंत्रशाळांत त्याने हात घडवला. १९०० च्या सुमारास तो मिलवॉकीत स्थिरावला. ओतकामासाठी लागणारे लाकडी साचे बनवण्यात तो वाकबगार होता. त्याच काळात पेट्रोलवर चालणाऱ्या लहान इंजिनांचे वेड त्याला लागले. भागीदारीत काढलेले एक-दोन उद्योग बुडाले. मागणीप्रमाणे इंजिने बनवून देता येत होती, पण व्यवहार सांभाळणे त्याला जमत नव्हते.

बेस केरी यांचे आगमन

ती उणीव बेस केरी यांनी भरून काढली. शेजारी राहणारी ही तरुणी व्यापारविषयक शिक्षण घेत होती. ओलेची पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे ही कामे तिने स्वतःकडे घेतली आणि १९०६ मध्ये दोघांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी मुलगा राल्फ जन्मला.

ओले एव्हिनरूड यांच्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध कथा विवाहापूर्वीच्या एका उन्हाळी सहलीची आहे. मिलवॉकीजवळच्या ओकॉची तळ्यावर मित्रमंडळी जमली होती. बेस यांना आइस्क्रीम खावेसे वाटले. ओले वल्ही मारत पलीकडच्या काठावर गेले, आइस्क्रीम घेतले आणि पुन्हा वल्ही मारत परतले. तोवर ते वितळून गेले होते. होडीला उचलून लावता येईल असे इंजिन हवे, ही कल्पना त्या दिवशी सुचली असे सांगतात. कथेत किती रंग भरला गेला आहे, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट तिच्यातून नेमकी कळते. होडीवर इंजिन बसवण्याचे तंत्र तेव्हा नवे नव्हते. पण ते इंजिन होडीच्या पोटात कायमचे ठोकलेले असे. त्यासाठी होडीच तशी बांधावी लागे आणि तिचा मालकही सधन असावा लागे. भाड्याच्या साध्या होडीत बसणाऱ्याला त्याचा उपयोग नव्हता.

न्यायाने हेही नोंदवले पाहिजे की बाहेरून अडकवायच्या इंजिनाचे ओले पहिले जनक नव्हते. १८९० च्या दशकातच तसे प्रयत्न झाले होते आणि डेट्रॉइटचे कॅमेरॉन वॉटरमन यांनी ओले यांच्या आधी असे इंजिन बाजारात आणले होते. ओले यांचे श्रेय वेगळे आहे. सामान्य माणसाला उचलता येईल, बसवता येईल आणि भरवशाने चालवता येईल अशी रचना त्यांनी घडवली.

त्या रचनेचा गाभा सोपा होता. सिलिंडर आडवा, त्याचा मुख्य दांडा उभा आणि सर्वांत वर आडवे जड चाक. त्या चाकावर लाकडी मूठ होती. ती धरून चाक फिरवले की इंजिन सुरू होई. उभा दांडा थेट पाण्याखालच्या पेटीत उतरे आणि तिथे तिरप्या दातांच्या चक्रांमुळे फिरण्याची दिशा बदलून मागचा पंखा फिरू लागे. संपूर्ण यंत्र दोन पेचांनी होडीच्या मागच्या फळीला आवळले जाई. वेगळे सुकाणू नको, कारण इंजिन वळवले की होडी वळे. पहिला नमुना पाहून बेस यांना तो कॉफी दळण्याच्या यंत्रासारखा वाटला होता.

१९०९ मध्ये मिलवॉकीच्या किनिकिनिक नदीवर, मेहुण्याला सोबत घेऊन ओले यांनी चाचणी केली. मग एका मित्राने ते इंजिन तळ्यावर नेले आणि परतताना १० इंजिनांची मागणी आणली. सुरुवातीची इंजिने ओले यांनी हातांनी घडवली. दीड अश्वशक्तीच्या त्या इंजिनाचे वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो होते आणि किंमतही ६२ डॉलर. १९११ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. ख्रिस मायर या भागीदाराच्या भांडवलावर कंपनी उभी राहिली.

कार्यालय बेस यांच्या हाती होते. वल्ही फेकून द्या आणि इंजिन लावा, अशा आशयाची त्यांची जाहिरात देशभर गाजली. परदेशी बाजाराचा विचारही त्यांनीच केला. न्यूयॉर्कमधील निर्यातदारांशी पत्रव्यवहार करून त्यांनी स्कँडिनेव्हियातील मच्छीमारांपर्यंत इंजिने पोहोचवली. ज्या किनाऱ्यांच्या प्रदेशातून पोरवयात ओले बाहेर पडले होते, तिथे त्यांचे यंत्र मालाच्या रूपाने परत गेले. सहलीच्या तळ्यासाठी सुचलेली वस्तू पोटासाठी समुद्रात जाणाऱ्यांची झाली, हा या चरित्रातील महत्त्वाचा टप्पा आहे.

माघार आणि पुनरागमन

यशाच्या ऐन भरात बेस यांची प्रकृती ढासळली. १९१४ च्या सुमारास ओले यांनी आपला हिस्सा मायर यांना विकला आणि पाच वर्षे या धंद्यात परत न येण्याची अट मान्य केली. स्वतःच्या आडनावाची कंपनी दुसऱ्याच्या हाती देऊन हे कुटुंब प्रवासाला निघाले. पत्नीच्या आरोग्यापुढे त्यांना कारखाना दुय्यम वाटला.

पण हात स्वस्थ बसले नाहीत. एकाच सिलिंडरचे इंजिन थरथरते, त्या थरथरीने पेच सैल होतात आणि २८ किलोंचे वजन ज्याला त्याला पेलत नाही, हे दोष त्यांना ठाऊक होते. त्यांनी समोरासमोर दोन सिलिंडर ठेवून थरथर कमी केली, लोखंडाच्या जागी शक्य तिथे ॲल्युमिनियम वापरले आणि इंजिनातील धूर पाण्याखाली सोडून आवाज दबवला. नवे इंजिन तीन अश्वशक्तीचे, म्हणजे पहिल्याच्या दुप्पट ताकदीचे होते आणि वजन मात्र ४८ पौंड, सुमारे २२ किलो. ओले ते घेऊन आधी मायर यांच्याकडेच गेले. मायर यांनी नकार दिला. तेव्हा एव्हिनरूड दांपत्याने ‘एल्टो’ नावाची नवी कंपनी काढली. आपल्याच नावाच्या कंपनीशी आता त्यांना स्पर्धा करायची होती.

जॉन्सन बंधूंचे आणखी हलके इंजिन त्याच सुमारास बाजारात आले आणि चढाओढ तीव्र झाली. १९२९ मध्ये एल्टो, एव्हिनरूड आणि लॉकवुड या तीन कंपन्या एकत्र आल्या. ओले त्या नव्या संस्थेचे अध्यक्ष झाले आणि आडनाव पुन्हा त्यांच्याकडे आले. पण महामंदीने लगेच गाठले. करमणुकीच्या होड्या हा लोकांनी सर्वांत आधी टाळलेला खर्च होता. त्या ओढाताणीत १९३३ मध्ये बेस गेल्या. पुढच्या वर्षी, १२ जुलै १९३४ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी ओले एव्हिनरूड यांचे निधन झाले. कारभार राल्फ यांनी पुढे नेला आणि पुढे जॉन्सनची कंपनीही त्याच समूहात आली.

आजच्या इंजिनात उरलेले ओले

उभा दांडा, पाण्याखालची दातेरी चक्रे, मागच्या फळीवरची पकड, ही रचना शतकानंतरही कायम आहे. कोकणातल्या खाडीत जाळे टाकणाऱ्या लहान होडीच्या पाठीला जे इंजिन असते, त्याचाही सांगाडा हाच. म्हणून त्या इंजिनाची निगा राखताना लक्षही त्याच जागी द्यावे लागते.

पाण्याखालच्या पेटीतील तेल वर्षातून एकदा, हिवाळ्याआधी बदलावे. ते दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरते आहे असे समजावे. विस्कॉन्सिनसारख्या थंड प्रदेशात ते पाणी गोठून पेटीला तडा देऊ शकते. पाणी शिरण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे पंख्यामागे गुंडाळला गेलेला गळाचा दोरा. तो आतील सील कापतो. अधूनमधून पंखा काढून तिथे पाहिले तर मोठा खर्च टळतो.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपात रबराचे छोटे चक्र असते. पाण्याबाहेर इंजिन थोडा वेळ जरी चालवले तरी ते खराब होऊ लागते. इंजिन सुरू होताच बाजूने पाण्याची बारीक धार पडते की नाही, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. धार थांबली की इंजिनही थांबवावे. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने आतून धुवावे. गंजापासून वाचवण्यासाठी लावलेला जस्ताचा तुकडा अर्धा झिजला की बदलावा आणि त्यावर रंग कधीही देऊ नये. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतील ओल शोषते, म्हणून ते हंगामभर टाकीत पडून राहू देऊ नये. इंजिन ठेवताना उभे ठेवावे, म्हणजे आतले पाणी निथळून जाते.

जुन्या होडीला नवे इंजिन लावण्यापूर्वी मागची फळी हलकेच ठोकून पाहावी. आवाज बद्द आला तर आतील लाकूड कुजले असण्याची शंका घ्यावी. होडीवर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अश्वशक्ती किंवा वजन लादू नये. आवळपेच निघण्याआधी पुन्हा तपासावेत आणि चालकाने इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी अंगाला अडकवावी. ओले यांच्या पहिल्या ग्राहकांपाशी ती सोय नव्हती. आज ती असताना न वापरण्याला काहीच कारण नाही.

एव्हिनरूड हे नाव अनेक मालकांच्या हातून गेले. डिसेंबर २००० मध्ये मूळ समूह दिवाळखोरीत निघाला, बोम्बार्डियरने ते नाव विकत घेतले आणि मे २०२० मध्ये या नावाच्या इंजिनांचे उत्पादन थांबवण्याची घोषणा झाली. जुनी इंजिने मात्र अजून तळ्यांवर धावताना दिसतात. ती चालू आहेत, कारण त्यांच्या मालकांनी तेल बदलले, दोरा काढला, पंप तपासला. नेमके हे काम ज्याला त्याला स्वतःच्या हाताने करता यावे, एवढ्यासाठी ओले यांनी इंजिन होडीच्या पोटातून बाहेर काढून तिच्या पाठीला लावले होते.