ताराराणींनी औरंगजेबाला दमवलं, पण खेडच्या एका लढाईनं साताऱ्याची गादी त्यांच्या हातून गेली

पुणे-नाशिक हायवेनं चाकणची एमआयडीसी मागे टाकली की थोड्याच वेळात राजगुरुनगर लागतं. गावाचं जुनं नाव खेड. भीमेच्या काठावरच्या याच भागात १२ ऑक्टोबर १७०७ रोजी मराठ्यांच्या दोन फौजा एकमेकांसमोर उभ्या राहिल्या. एका बाजूला शाहू महाराज, दुसऱ्या बाजूला त्यांच्या काकू महाराणी ताराबाईंचं सैन्य.

ताराबाई म्हणजे सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची लेक आणि छत्रपती राजाराम महाराजांची पत्नी. जन्म १६७५ चा. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचं निधन झालं, तेव्हा त्या अवघ्या पंचविशीत होत्या. समोर खुद्द औरंगजेब दख्खनमध्ये तळ ठोकून बसलेला. पण ताराबाईंनी आपल्या लहानग्या मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवलं आणि कारभार स्वतःच्या हातात घेतला.

पुढची सात वर्षं बादशहा एकेक किल्ला घेत राहिला आणि मराठे ते परत जिंकत राहिले. एवढंच नाही, तर मराठ्यांच्या फौजा माळवा आणि गुजरातपर्यंत धडकल्या. शेवटी १७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेब मेला. युद्ध जिंकल्यात जमा होतं.

पण खरा पेच इथंच सुरू झाला.

संभाजी महाराजांचे पुत्र शाहू १६८९ पासून मोगलांच्या कैदेत होते. बादशहाच्या मुलानं, आझमशहानं, त्यांना सोडून दिलं. मात्र आई येसूबाईंना ओलीस ठेवलं. हिशोब सरळ होता. शाहू परतले की गादीवरून मराठे आपापसातच लढतील.

झालंही तसंच. ताराबाईंचं म्हणणं होतं की संभाजी महाराजांच्या काळातलं राज्य गेलं, आत्ताचं राज्य राजाराम महाराजांनी आणि आपण लढून राखलं, त्यामुळे गादीवर हक्क आपल्या मुलाचा. आलेला माणूस तोतया असल्याचंही त्यांनी जाहीर केलं. सरदारांकडून निष्ठेच्या शपथा घेतल्या आणि सेनापती धनाजी जाधव व परशुरामपंत प्रतिनिधी यांना शाहूंवर पाठवलं.

पण धनाजींच्या मनात शंका होती. हे खरंच शंभूराजांचे पुत्र असतील तर त्यांच्यावर तलवार कशी उचलायची? त्यांच्या पदरी असलेल्या बाळाजी विश्वनाथांनी शाहूंची बाजू घेतली, भेटीगाठी झाल्या आणि धनाजींची खात्री पटली. खेडला लढाईला तोंड लागलं तेव्हा परशुरामपंत जवळपास एकटे पडले. त्यांना माघार घेऊन सातारा गाठावा लागला.

म्हणजे या लढाईचा निकाल तलवारीपेक्षा एका सेनापतीच्या निर्णयानं लागला.

शाहूंनी सातारा घेतला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी त्यांचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळा गाठून १७१० मध्ये वेगळी गादी उभी केली. तीच पुढे कोल्हापूरची गादी. पण १७१४ मध्ये सवत राजसबाईंनी आपल्या मुलाला, दुसऱ्या संभाजीला, गादीवर बसवलं. ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले. मुलाचा अंतही कैदेतच झाला. १७३१ च्या वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांवर कायमचं शिक्कामोर्तब झालं.

इकडे खेडला शाहूंच्या कामी आलेले बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले. १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आल्या आणि येसूबाईंची सुटका झाली. पुढे हळूहळू सत्तेचं केंद्र साताऱ्याहून पुण्याकडे सरकत गेलं.

ताराबाई मात्र संपल्या नव्हत्या. शाहूंना मुलगा नव्हता. त्यामुळे ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेले रामराजे शाहूंच्या निधनानंतर छत्रपती झाले. पण ते पेशव्यांच्या विरोधात जाईनात, तेव्हा १७५० मध्ये पंचाहत्तरीतल्या ताराबाईंनी त्यांनाच साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं आणि ते तोतया असल्याचं सांगितलं. ४३ वर्षांपूर्वी शाहूंवर केलेला आरोप पुन्हा एकदा केला गेला. यात छत्रपतींच्या गादीचा उरलासुरला अधिकारही गेला आणि कारभार पेशव्यांकडे राहिला.

पानिपत झालं त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबर १७६१ मध्ये, ताराबाईंचं निधन झालं. औरंगजेबाला सात वर्षं झुंजवणारी ही राणी मोगलांकडून हरली नाही. तिचा पराभव घरच्याच भांडणात झाला, आणि त्याची सुरुवात खेडला झाली होती.